एसटी, माशी आणि माझं व्याख्यान

माझ्या शिकवण्याबद्दल माझं मत पहिल्यापासून अनुकूल आहे. तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. एफ.वाय.बी.एस्सी.च्या वर्गात शिरलो की तोंडाचा पट्टा सुरू होतो, तो तासाची घंटा होईपर्यंत. हातात खडू, अंगात आवेश आणि समोर शंभरेक मुलं, एवढ्या भांडवलावर माणूस स्वतःला किती मोठा समजू शकतो याची कल्पना प्राध्यापक नसलेल्यांना यायची नाही. त्यातही 'वजनरहित अवस्था' हे माझं खास व्याख्यान. दरवर्षी त्याच जागी थांबतो, त्याच जागी आवाज खाली आणतो. मध्यावर लिफ्टची गंमत येते: दोर तुटलेल्या लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभं राहिलात तर काटा शून्य दाखवतो, डाएटची गरज नाही, फक्त फायदा तळमजल्यापर्यंतच टिकतो. इथे वर्ग हसतो. न हसणाऱ्यांची हजेरी मी पुन्हा घेतो. माजी विद्यार्थी स्टँडवर भेटले की म्हणतात, "सर, तुमची ती लिफ्टची गंमत अजून लक्षात आहे." त्या दिवशी मी कुरकूर न करता भाजी घेऊन घरी जातो.

दोष माझ्या एकट्याचा नाही. व्याख्यान हे मराठी माणसाचं जुनं व्यसन आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि भर उन्हाळ्यात दुसऱ्याचं ऐकत बसण्याची गोडी आपल्याला लागली. गणपतीत व्याख्यान, शिवजयंतीला व्याख्यान, पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला व्याख्यान. श्रोत्यानं मान डोलवायची, टाळ्या वाजवायच्या आणि अल्पोपाहाराकडे वळायचं. प्रश्नोत्तरं वेळेअभावी होत नाहीत. कीर्तनात निदान टाळकरी असतात, मध्येच 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायची सोय असते. माझ्या वर्गात तेवढीही नव्हती.

असं सगळं सुखात चाललं असताना माझी पदोन्नतीची फाइल अडली. एका प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र कमी पडत होतं. मग मे महिन्यात घरबसल्या ऑनलाइन कोर्सला नाव घातलं, कॅमेरा बंद केला आणि लोणच्यासाठी कैरीच्या फोडी करत बसलो. वक्ते सांगत होते की प्राध्यापकानं बोलण्याचा जमाना संपला. हे ते सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकटेच सांगत होते. मी अडकित्त्यावरची नजर वर केली ती एका आकड्यासाठी. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले होते. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात सरासरी ३३.८ टक्के मुलं नापास. मुलांना वर्गातच काहीतरी करायला, बोलायला, सोडवायला लावलं तिथे २१.८ टक्के. मी वजाबाकी केली. शंभरात बारा. माझ्या वर्गात शंभरच मुलं आहेत. त्या बाराजणांचे चेहरे डोळ्यांपुढे येऊ लागले तसा मी अडकित्ता बाजूला ठेवला.

पुढची गोष्ट तर माझ्याच जातीची होती. हार्वर्डमध्ये एरिक माझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. व्याख्यान उत्तम, मुलांचे अभिप्राय उत्तम, परीक्षेचे निकाल उत्तम. १९९० च्या सुमारास त्यांनी ॲरिझोनातल्या डेव्हिड हेस्टिनिस यांच्या गटानं केलेली एक साधी चाचणी आपल्या वर्गाला दिली. तिच्यात गणित नाही, सूत्र नाही. वस्तू पडते तेव्हा काय होतं, ढकलली तर काय होतं, असले शाळकरी प्रश्न. तेव्हा एका विद्यार्थ्यानं विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहायची की मला खरोखर वाटतं त्याप्रमाणे? हार्वर्डचा विद्यार्थी! निकाल लागला आणि माझूर यांचा चेहरा उतरला. मग एकदा, समजावून समजावून थकल्यावर, त्यांनी मुलांना एकमेकांशीच बोलायला सांगितलं आणि त्यांना जे साधलं नव्हतं ते मुलांनी दोन मिनिटांत एकमेकांना पटवून दिलं. ज्याला एखादी गोष्ट कालच कळलीय, त्याला आपण कुठे अडलो होतो ते आठवतं. ज्याला ती वीस वर्षांपूर्वी कळली, त्याला ती अवघड होती हेच आठवत नाही. यातून १९९१ पासून त्यांनी एक पद्धत बसवली: थोडा वेळ बोलायचं, मग पर्यायांचा एक प्रश्न, प्रत्येकानं आपापलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा उत्तर द्यायचं.

हार्वर्डला जमलं ते आपल्याला का जमू नये, असं मला वाटलं. लोणचं त्या वर्षी बिघडलं ते निराळं.

पहिला प्रयोग व्हिडिओचा. व्याख्यान घरी बघायचं आणि गृहपाठ वर्गात करायचा, ही कोलोरॅडोतल्या दोन शाळामास्तरांनी रूढ केलेली उलटी तऱ्हा. व्याख्यान सोडायचं नाही, फक्त जागा बदलायची, हे मला फार भावलं. स्वयंपाकघरात उजेड बरा येतो म्हणून तिथे तांदळाच्या डब्याला मोबाईल टेकवून उभा केला, फ्रिजवर पांढरा फळा टांगला आणि न्यूटनचे नियम सुरू केले. पहिल्या नियमाला कुकरची शिट्टी झाली. स्थिर वस्तू स्थिर राहते, असं मी म्हणत असताना मागून आमच्या घरची वस्तू अस्थिर झाली आणि सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, मोटर बंद करा, टाकी वाहतेय!" मी आवाज न बदलता, "म्हणजेच बाह्य बल लावल्याशिवाय..." असं म्हणत बाहेर गेलो, मोटर बंद केली, परत आलो. एडिटिंग येत नव्हतं. फ्रिज आणि त्यावरचा गणपतीचा स्टिकर एवढंच दृश्य बराच वेळ तसंच राहिलं. व्हिडिओ वर्गाच्या ग्रूपवर टाकला.

दुसऱ्या दिवशी विचारलं, "व्हिडिओ पाहिला का?"

"हो सर," सगळा वर्ग.

"काय समजलं?"

शांतता. मग शेवटच्या बाकावरून अत्यंत अदबीनं प्रश्न आला, "सर, टाकी पूर्ण भरली का?"

नंतर कळलं की बऱ्याच जणांनी तो दुप्पट वेगानं पाहिला. त्या वेगात मोटर बंद करायला मी फार चपळाईनं जातो म्हणे. काहींचा डेटा संपला होता. ज्यांच्या वाडीत रेंजच येत नाही त्या चौघींनी एसटीत एकाच फोनवर पाहिला आणि त्यांना तो कळलाही. वर्षभराच्या माझ्या धडपडीतला हा पहिला खरा शोध होता, पण तेव्हा माझं लक्ष टाकीकडे होतं.

मग कार्डं केली. अमेरिकेत मुलांच्या हातात रिमोटसारखं यंत्र देतात आणि उत्तरांचा आलेख पडद्यावर उमटतो. आमच्या वर्गात पडदा आहे, प्रोजेक्टरही आहे, त्याची वायर प्राचार्यांच्या केबिनमध्ये आहे. यंत्राऐवजी साध्या कार्डांवरही हे भागतं, हे वाचून धीर आला. घोटीव कागद आणला. तांबडा म्हणजे ए, पिवळा बी, हिरवा सी, निळा डी. माझ्या शाळकरी मुलीनं आणि तिच्या मैत्रिणींनी संध्याकाळभर बसून कापाकापी केली आणि मजुरी म्हणून पाणीपुरी खाल्ली.

स्टाफरूममध्ये बातमी पसरली. रसायनशास्त्राचे सर म्हणाले, "हे सगळं अमेरिकेत ठीक आहे हो. तिथे वर्गात वीस पोरं असतात." मी कोर्समधलं शस्त्र बाहेर काढलं. पवईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गात कित्येक शे मुलं बसवून हेच केलं होतं: आधी एकट्यानं विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सगळ्यांपुढे मांडणी. त्यावरचा शोधनिबंध २०१३ साली आला. सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली दिसली. सर म्हणाले, "उरलेली सतरा टक्के आपल्याकडे येतात." यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

शेवटी तो दिवस उगवला. न्यूटनचा तिसरा नियम शाळेपासून पाठ असतो: क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध. झोपेत विचारा, मुलं सांगतील. म्हणून मी फळ्यावर प्रश्न लिहिला: रस्त्यानं एसटी भरधाव चालली आहे, समोरून येणारी माशी तिच्या काचेवर आदळली. कुणी कुणावर जास्त बल लावलं? ए, एसटीनं माशीवर. बी, माशीनं एसटीवर. सी, दोघांनी सारखंच. डी, माशीनं काही बल लावलंच नाही.

"कार्डं वर करा!"

कुणी हललं नाही. सगळी मुलं मान वळवून दुसऱ्या बाकाकडे बघत होती. तिथे आमची बारावीला तालुक्यात पहिली आलेली मुलगी बसते. तिनं हिरवं कार्ड वर केलं आणि सगळा वर्ग हिरवागार झाला. मी हर्षभरित. तेवढ्यात तिच्या शेजारणीनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं, तिनं विचार बदलून तांबडं धरलं आणि क्षणार्धात शंभर हिरवी कार्डं खाली जाऊन शंभर तांबडी वर आली. एवढी सांघिक भावना मी आमच्या एनसीसीच्या संचलनातही पाहिलेली नाही.

मग नियम केला की कार्ड छातीशी धरायचं, दुसऱ्याला दिसता कामा नये, आणि सगळ्यांनी एकदम दाखवायचं. आता खरी मतं दिसली. तांबडं पीक जोरात, हिरवी कार्डं चार-दोन. निळीही बरीच होती. दोघांनी कार्डांचं विमान केलं होतं.

"आता शेजाऱ्याला पटवून द्या," मी म्हणालो.

ज्या मुलांना बालवाडीपासून 'शेजाऱ्याशी बोलू नका' एवढंच शिकवलं, ती हातांची घडी घालून माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा म्हणालो, "बोला! मोठ्यानं बोला!" एकानं सावधपणे विचारलं, "सर, मराठीत चालेल?" चालेल म्हटल्यावर जो गलका उसळला तो आठवडी बाजाराला लाजवेल असा होता. आमचा वर्ग पायऱ्यांचा, बाक लोखंडी आणि जमिनीत बोल्टनं पक्के केलेले. त्यामुळे चर्चा आडवी चालते, उभी चालायची तर पुढच्यानं मान पूर्ण फिरवावी लागते. खालच्या मजल्यावरच्या मराठीच्या बाईंनी तास थांबवला. शिपाईमामा धावत वर आले, दारातून डोकावले. मी खिडकीपाशी हात मागे बांधून उभा. मामा काही न बोलता गेले आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये वर्दी दिली: "सर वर्गात आहेत, पण शिकवत नाहीयेत."

दुसरं मतदान घेतलं. हिरवं कार्ड एकही उरलं नव्हतं.

झालं असं की तिसऱ्या रांगेत एक मुलगा होता. तो उभा राहून म्हणाला होता, "माझे वडील एसटीत ड्रायव्हर आहेत. इतकी वर्षं गाडी चालवतात. माशीनं गाडीला कधी काहीही झालेलं नाही." या युक्तिवादापुढे न्यूटन टिकला नाही. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. सी म्हणणारी ती चार-दोन मुलं ओशाळून तांबड्यात विरघळली. मुलांनी मुलांना पटवून दिलं होतं, अगदी माझूर सांगतात तसं, फक्त उलटं.

मी काय करायला हवं होतं ते पुस्तकात आहे. पहिल्या मतदानात बरोबर उत्तरं तीस टक्क्यांच्या खाली असली तर चर्चा लावायचीच नाही, आधी पुन्हा थोडं समजावायचं. तीस ते सत्तरच्या मध्ये असली तर चर्चा. सत्तरच्या वर असली तर दोन वाक्यं बोलून पुढे जायचं. म्हणजे प्रश्न असा हवा की वर्ग साधारण निम्मा-निम्मा फुटला पाहिजे, कारण पटवून द्यायला वर्गात कुणाला तरी उत्तर माहीत असावं लागतं. ही स्लाइड नेमकी मी कैरीच्या कोयी वेचत असताना होऊन गेली होती.

त्या क्षणी मात्र माझा संयम सुटला. खडू उचलला आणि जे मला येतं ते केलं: व्याख्यान दिलं. बल दोघांवर सारखंच, पण माशीचं वस्तुमान नगण्य, म्हणून त्याच बलानं तिचा वेग असा बदलतो की चेंदामेंदा होतो. एसटीचं वस्तुमान काही टन, म्हणून तिचा वेग बदलतो तो मोजता येणार नाही इतका. हे मी आवेशानं सांगत सुटलो. मुलांनी सुटकेचा निःश्वास टाकला, वह्या उघडल्या आणि लिहून घेऊ लागली. सव्वाबाराच्या गाडीची वेळ झाली, निम्मा वर्ग उठला. जाताना ड्रायव्हरचा मुलगा जवळ येऊन म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलं ते परीक्षेत लिहीन. पण वडिलांना नाही सांगणार."

हार्वर्डचं पोर आणि आमचं पोर यांत मला त्या दिवशी फरक दिसला नाही.

पुढे मी सरावलो असं म्हणता येईल. सर्वांत अवघड गेलं ते गप्प राहणं. अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात शाळेच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी साधारण एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांब आणि बरी होतात. तीन सेकंद! एका मुलाकडे माझ्या तासाचं रेकॉर्डिंग होतं (का केलं होतं ते मी विचारलं नाही), ते ऐकलं. मी विचारतो, "समजलं का? समजलं. आता पुढे." प्रश्न माझा, उत्तर माझं, आणि दोन्हींत श्वास घ्यायलाही जागा नाही. मग मी प्रश्न विचारून मनातल्या मनात तीन अंक मोजू लागलो. पहिल्या अंकाला घाम येतो. दुसऱ्याला वाटतं, आपली नोकरी गेली. तिसऱ्याला कुणीतरी एक मुलगा, मास्तरांना काही होतंय की काय या काळजीनं का होईना, तोंड उघडतो.

आणि चांगला प्रश्न करणं! तासभराच्या व्याख्यानाची तयारी मी चहा पिता पिता करतो. तो एक प्रश्न मला आठवडाभर झोपू देत नाही. मुलांना जे चुकीचं वाटतं ते आधी माहीत असावं लागतं आणि ते कळायला मुलांचं ऐकावं लागतं. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारी तरुण मंडळी आहेत, तासावर मानधन मिळतं, एका दिवसात दोन गावांतली दोन महाविद्यालयं करतात. त्यांना सांगायचं की बाबांनो, रात्री बसून प्रश्न रचा? ती व्याख्यान देतात आणि स्टँडकडे पळतात, त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. शैक्षणिक धोरणाच्या कागदात मात्र घोकंपट्टी कधीच संपली आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात 'विद्यार्थीकेंद्री पद्धती' असा रकाना आहे. त्यात आम्ही माझ्या कार्डांचा फोटो लावला. फोटोत मुलं हसताहेत. तो माशीच्या दिवशीचाच आहे.

सत्राअखेर मुलांचे अभिप्राय आले. मी आशेनं उघडले. 'सर पूर्वी छान शिकवायचे असं सीनियर सांगतात.' 'सर स्वतः काही सांगत नाहीत, आम्हालाच विचारतात.' 'नोट्स द्याव्यात.' एका पालकांनी तर थेट प्राचार्यांना गाठलं: "फी भरायची आम्ही, शिकवायचं पोरांनी, मग सर कशाला?" प्रश्न चार पर्यायांत बसणारा नव्हता, पण चांगला होता. मला दिलासा मिळाला तो पुन्हा हार्वर्डहूनच. तिथे लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भौतिकशास्त्राचाच वर्ग, तोच मजकूर एका गटाला उत्तम वक्त्याच्या व्याख्यानातून, दुसऱ्याला स्वतः झगडायला लावून. चाचणीत झगडणाऱ्यांना गुण जास्त. पण 'आपण जास्त शिकलो' असं वाटलं ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना. ऐकताना सगळं कसं सोपं, सरळ, कळल्यासारखं वाटतं. स्वतः करताना आपण मठ्ठ आहोत असं वाटत राहतं. हा निबंध मी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो बघून विचारलं, "यानं आपला ग्रेड वाढेल का?"

पण खरा दणका बसला तो सत्र परीक्षेच्या आधी मी घेतलेल्या छोट्या चाचणीत. त्यात दोन साधे प्रश्न घातले होते. एक, हातगाडी आणि ट्रकची टक्कर: माशीचाच प्रश्न, कपडे बदलून. तो बऱ्याच मुलांना आला. ड्रायव्हरच्या मुलालाही आला, कारणासकट. दुसरा प्रश्न, अंतराळस्थानकात माणसं तरंगतात ती का? या विषयाला मी कार्डांना हात लावू दिला नव्हता. तो माझ्या खास व्याख्यानाचा, लिफ्टचा. वर्ग हसला होता, नेहमीच्या जागी. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं: तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून.

गुरुत्वाकर्षण असतं. स्थानक जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटरवर फिरतं आणि तिथे ते इथल्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं. स्थानक आणि आतली माणसं बरोबरच, सारखी पृथ्वीकडे पडत असतात, दोर तुटलेल्या लिफ्टसारखी, म्हणून तरंगतात. हेच तर मी इतकी वर्षं सांगत आलो. एकानं उत्तरपत्रिकेत खाली लिहिलं होतं, 'सर, लिफ्टची गंमत भारी होती.' स्टँडवर भेटणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी एकालाही, 'ती गंमत कशाबद्दल होती रे?' असं मी आजवर विचारलेलं नाही, आणि आता विचारणारही नाही. भाजी मात्र कुरकुरत आणू लागलो आहे.

दुसऱ्या सत्रात उष्णता होती. जानेवारीतली सकाळ, आठचा तास, मुलं स्वेटरात. मी काही बोललो नाही. फळ्यावर लिहिलं: रात्रभर याच वर्गात पडलेल्या लोखंडी बाकाचं आणि लाकडी टेबलाचं तापमान, कमी कुणाचं? मुलं उठून बाकांना हात लावायला लागली, टेबलाला लावायला लागली, एकानं गाल लावून पाहिला. मतदान झालं, वर्ग बरोबर दुभंगला. वादावादी सुरू झाली. आणि वर्षभर जिचा आवाज मी हजेरीपलीकडे ऐकला नव्हता ती मागच्या रांगेतली मुलगी, एसटीत एकाच फोनवर व्हिडिओ पाहणाऱ्या त्या चौघींपैकी, शेजारणीला सांगत होती, "अगं, बाक गार नाहीये. तो तुझ्या हाताची ऊब पटकन ओढतोय, म्हणून तुला गार लागतं. लाकूड सावकाश ओढतं. तापमान दोघांचं सारखंच." मी पुढे काही भर घालायला तोंड उघडलं. एक, दोन, तीन मोजलं आणि मिटलं.

लगेच टाळ्या पडल्या असं नाही. समोरच्या मुलानं विचारलं, "सर, हे परीक्षेला येणार का?" येणार नाही. परीक्षेला 'नियम सांगून सिद्ध करा' असंच येतं आणि पाठ केलेलं ओकलं की गुण मिळतात. पेपर तोच राहिला तर मुलांनी नोट्सच मागाव्यात, यात त्यांचा काडीचा दोष नाही. मीही त्यांना नोट्स देतो. झेरॉक्सच्या दुकानात ठेवल्या आहेत.

व्याख्यान मी सोडलेलं नाही. दहा-बारा मिनिटं बोलतो, कधी पंधरा होतात, अंगात आलं तर घंटाही होते. लिफ्टची गंमत आता प्रश्न झाल्यावर सांगतो. वर्ग पूर्वीपेक्षा कमी हसतो.

आता वीज आणि चुंबकत्व सुरू होतंय. विद्युतप्रवाह बल्बमध्ये 'खर्च' होतो असं मुलांना वाटतं, एवढं एक मला सापडलं आहे. पुढे गाडी अडली. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या कुणा वाचकाकडे वर्ग निम्मा-निम्मा फोडणारे, चार पर्यायांचे, मराठीत विचारता येतील असे प्रश्न असतील, तर ते या मासिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवावेत. उत्तरं पाठवायची गरज नाही. माशी, बाक आणि हातगाडी असे माझे तीन प्रश्न मी बदल्यात देईन, आणि कार्डं हवी असतील तर घोटीव कागद न वापरता जाड पुठ्ठा वापरावा. घोटीव कागदाची विमानं फार लांब जातात.